शाकारणी कोणीं करावयाची?

मृग नक्षत्राला पंधरवडा उरला कीं पूर्वीं ह्या शहराच्या गल्लींगल्लींत शिड्या लागत. कौलें उतरवावीं, फुटकीं वेगळीं काढावीं, वासे ठोकून पाहावे आणि पुन्हां ओळीनें कौलें बसवावीं, असें हें वर्षाचें काम घरोघर चाले. त्यास शाकारणी म्हणत. हल्लीं त्याच पंधरवड्यांत शिडीऐवजीं नोटीस लागते. महानगरपालिकेचा मनुष्य येतो आणि दारावर कागद डकवितो. ही इमारत धोकादायक आहे, ती ताबडतोब खालीं करावी, न केल्यास होणाऱ्या हानीची जबाबदारी आपणांवर राहील, अशा मतलबाचा मजकूर त्यांत असतो. पहिल्या मोठ्या सरींत तो कागद भिजतो, दुसरींत फाटतो, आणि पुढील वर्षीं त्याच जागीं नवा लागतो. मध्यंतरीं एखाद्या रात्रीं भिंत कोसळली म्हणजे आपण सर्व हळहळतों व जबाबदार कोण म्हणून एकमेकांस विचारूं लागतों.

आम्ही आज त्याच्या एक पायरी मागचा प्रश्न विचारूं इच्छितों. शाकारणी कोणीं करावयाची? मालकाला विचारावें तर तो भाडेकरूकडे बोट दाखवितो. भाडेकरू मालकाकडे दाखवितो. दोघे मिळून पालिकेकडे दाखवितात, आणि पालिका आपल्या नोटिशीच्या स्थळप्रतीकडे. ह्या बोटें दाखविण्यांत एकामागून एक पावसाळे निघून जातात व छप्पर तेवढें उघडें राहतें. कोल्हापुरांतील जुनीं घरें वयामुळें जितकीं पडतात त्याहून अधिक ह्या वादामुळें पडतात, असें आमचें स्पष्ट मत आहे. वयावर कोणाचा इलाज चालत नाहीं. वाद मात्र मिटवितां येतो. म्हणून हा विषय आज वाचकांपुढें मांडीत आहों.

घर कसें पडतें हें आधीं नीट पाहिलें पाहिजे. शहराच्या वेशी व तट केव्हांच नाहींसे झाले. गंगावेश, रंकाळावेश अशीं नांवें तेवढीं उरलीं. परंतु त्या वेशींच्या आंत वसलेल्या जुन्या पेठांतून हिंडणाऱ्यास घराचा जुना घाट अजूनही ओळखतां येतो. खालीं काळ्या दगडाचें जोतें, त्यावर सागवानी खांब व तुळया, मध्यें मातीच्या किंवा भाजक्या विटांच्या जाड भिंती, पुढें सोपा, आंत माजघर, पाठीमागें परडें, आणि ऐपत असेल तेथें मध्यें चौक व वर माडी. अशा घराचें बरेंचसें ओझें लांकडी सांगाड्यावर असतें. सांगाडा कोरडा राहिला तर तें शंभर-दीडशें वर्षें सहज उभें राहतें. त्याचा मुख्य शत्रु म्हणजे आंत शिरून मुरणारें पाणी. एक कौल फुटतें. त्यांतून वासा भिजतो. वाशावरून ओघळ तुळईच्या भिंतींत गाडलेल्या टोंकापर्यंत जातो. तेथें वारा पोंचत नसल्यामुळें लांकूड आंतल्या आंत कुजतें, तुळई खचते आणि भिंत फुगते. हें सर्व एका वर्षांत होत नाहीं. त्याला कित्येक पावसाळे लागतात. पहिल्या पावसाळ्यांत दुरुस्ती एका कौलाची असते. शेवटच्या पावसाळ्यांत ती सबंध घराची होऊन बसते.

ह्यांत आपल्या अज्ञानाचीही भर पडते. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला ओल आली कीं तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविण्याची रीति पडली आहे. जुनी भिंत ओल घेते तशी ती वाऱ्याला परतही देते. सिमेंटच्या कवचानें ती ओल आंत कोंडली जाते, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारी भिंत आंतून मऊ होत जाते. घाणींत मळलेल्या चुन्याचें काम जाणणारे गवंडी अजून अगदींच नाहींसे झालेले नाहींत. त्यांना बोलावणारे मात्र कमी झाले आहेत. आमच्या व्यापारी बंधूंस आणखी एक गोष्ट सांगणें भाग आहे. सोप्याचे मधले खांब काढून तेथें दुकानाचें रुंद शटर बसविलें म्हणजे दर्शनी जागा वाढते खरी, पण वरच्या माडीचें ओझें ज्या खांबावर होतें तो खांबच गेलेला असतो. अशीं दुकानें बाजारपेठेंत किती आहेत हें ज्याचें त्यानें आपल्या डोक्यावर पाहून ठरवावें.

त्यांतच महापुराचा फटका आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ ह्या दोन्ही वेळीं पंचगंगेनें राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर मजल मारली. पुरांत भिजलेली मातीची भिंत पाण्यांत असतांनाच पडते असें नाहीं. पुष्कळदां पाणी ओसरल्यावर, बाहेरचा दाब गेल्यावर व ऊन लागल्यावर ती तडकते आणि बसते. त्या वेळीं पंचनामे करणारे निघून गेलेले असतात.

आतां कोणी म्हणतील कीं पडतात तर पडूं द्या. त्या जागीं चार मजली पक्की इमारत होईल, चार कुटुंबांस घर मिळेल, जुन्याचा एवढा सोस कां? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. कांहीं घरें पडण्याच्याच योग्यतेचीं असतात हें आम्हांस मान्य आहे. आम्ही जुन्याचे भक्त नव्हे. विधवेस जेथें दिवस कंठावे लागत ती काळोखी खोली, पाणी पिणाऱ्याची जात पाहून वेगळा ठेवलेला माठ, आणि ज्याला पुढच्या दारानें येण्याची कधींच मुभा नव्हती तो कष्टकरी मनुष्य, हें सर्वही त्याच जुन्या वाड्यांत होतें. त्या रूढी गेल्या, जात आहेत, आणि उरल्यासुरल्या लवकर जाव्यात. परंतु काळोख्या खोलीला खिडकी पाडतां येते. त्यासाठीं घर पाडावें लागत नाहीं. शिवाय घर पाडल्यानें तेथें राहणाऱ्या गरीब भाडेकरूस नव्या इमारतींत जागा मिळतेच असा अनुभव नाहीं. तो बहुधा शहराबाहेर फेंकला जातो, आणि त्याचा खालच्या सोप्यांत चालणारा धंदाही त्याच्याबरोबर जातो. सोनार, शिंपी, कुंभार, चर्मकार ह्या कारागिरांचें राहणें व काम एकाच छपराखालीं चालत आलें आहे. कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें ह्याचा आपणां सर्वांस अभिमान वाटतो; पण चामडें भिजविण्यास व वाळविण्यास लागणारें परडें सदनिकेच्या चौथ्या मजल्यावर कोठून येणार, ह्याचा विचार त्या अभिमानांत झालेला दिसत नाहीं.

घर हें समाजसुधारणेचें साधन आहे ही गोष्ट तर ह्याच शहरानें साऱ्या महाराष्ट्राला शिकविली. खेड्यांतून शिकावयास आलेल्या मुलाला शाळेंत नांव घालतां येई, पण रात्रीं पथारी टाकण्यास जागा मिळत नसे. शहरांत आपल्या जातीचें ओळखीचें घर नसेल तर त्याची परतवाट ठरलेली. शाहू छत्रपतींनीं हें मर्म ओळखलें. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व जैन बोर्डिंग निघालें. १९०६ सालीं मुसलमान विद्यार्थ्यांची सोय झाली. १९०८ सालीं ज्यांस अस्पृश्य मानीत त्या समाजांतील मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग उघडलें. लिंगायत, नामदेव शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती अशा नाना समाजांच्या वसतिगृहांची त्यांत भर पडत गेली, आणि १९२० सालीं प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग सुरू झालें. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात तें ह्यामुळें. ह्यांपैकीं एका घरांत, जैन बोर्डिंगांत, भाऊराव पाटील नांवाचा विद्यार्थी राहून गेला. त्यानेंच पुढें १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविणारें वसतिगृह काढलें. राहण्याच्या जागेचें महत्त्व ह्याहून अधिक काय सांगावें?

व्यापाराचेंही तेंच. १८९१ सालीं रेल्वे कोल्हापुरास आली. १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसली आणि गुळाच्या व्यापारास हक्काची जागा मिळाली. खालीं अडत, वर बिऱ्हाड, पाठीमागें कोठार अशा घरांतूनच ती पेठ उभी राहिली. तेव्हां जुनीं घरें म्हणजे सरदारांची हौस, आणि त्यांशीं सामान्य माणसाचा संबंध नाहीं, हें म्हणणें ह्या शहराच्या बाबतींत तरी खरें नाहीं.

मोठ्या वास्तूंकडे आपलें लक्ष नाहीं असें नाहीं. मेजर मांट ह्यांच्या आराखड्यावरून १८७७ ते १८८४ ह्या काळांत बांधलेला नवा राजवाडा आजही चांगल्या स्थितींत आहे. ह्याचें एक कारण असें कीं तो रिकामा पडला नाहीं. खालीं संग्रहालय आहे व वर राजघराण्याचें वास्तव्य आहे. कसबा बावड्यांतील लक्ष्मीविलास राजवाडा, जेथें २६ जून १८७४ रोजीं शाहू छत्रपतींचा जन्म झाला, तो स्मारक म्हणून जपला जात आहे. हें योग्यच आहे. पण मोठ्या वास्तूची काळजीही आपण वेळेवर घेतों काय? १९१५ सालीं पॅलेस थिएटर म्हणून उभें राहिलेलें केशवराव भोसले नाट्यगृह ता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं जळालें. दुसऱ्याच दिवशीं केशवरावांची जयंती होती. साऱ्या शहरानें अश्रु ढाळले, आणि पुनर्बांधणीसाठीं सरकारी रकमा जाहीर झाल्या. ते अश्रु खरे होते ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं राखेसाठीं जो पैसा निघतो त्याचा एक हिस्सा आधीं देखभालीसाठीं निघेल तर राख होण्याची वेळ क्वचित येईल. नाट्यगृहासाठीं रडणारे हजारों असतात. एखाद्या बोळांतील दुखणी माडी पडते तेव्हां तिच्या आसपासचीं चार कुटुंबेंच रडतात.

आतां मूळ गांठीकडे वळूं. ती गांठ भाड्याची आहे. १९४७ च्या मुंबईच्या भाडेनियंत्रण कायद्यानें प्रमाण भाड्याची मर्यादा १ सप्टेंबर १९४० रोजींच्या भाड्याशीं बांधली. युद्धानंतरच्या टंचाईंत गरीब भाडेकरूस रस्त्यावर काढूं नये हा त्याचा हेतु स्तुत्य होता, आणि त्या कायद्यानें लक्षावधि कुटुंबांचें छप्पर टिकविलें हें विसरतां कामा नये. परंतु दर वाढत गेले आणि भाडें जागचें हललें नाहीं. शेवटीं १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंच ह्या गोठविलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघांत अवाजवी झाल्याचें सांगितलें. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला व तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. त्यानें मालकास दरसाल शेंकडा ४ वाढ घेण्याची मुभा दिली.

ह्याचा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांनीं स्वतः करून पाहावा. सन २००० मध्यें महिना पन्नास रुपये भाडें असेल तर चक्रवाढीनें धरूनही पंचवीस वर्षांत तें दीडशें रुपयांपर्यंत पोंचत नाहीं. तेवढ्यांत गवंड्याचा एका दिवसाचा रोजही निघत नाहीं. कायद्याच्या १४ व्या कलमानें घर राहण्यायोग्य ठेवण्याचें कर्तव्य मालकावर टाकलें आहे. त्यानें नोटीस मिळूनही तें केलें नाहीं तर भाडेकरूनें दुरुस्ती करून घ्यावी व खर्च ठराविक अंशापर्यंत भाड्यांतून वळता करावा अशीही सोय ठेविली आहे. पण जेथें भाडेंच शंभर-सव्वाशें, तेथें वळता करावयाचा तो काय? कायद्यांत हक्क आहे आणि छपरावर कौल नाहीं, अशी ही स्थिति आहे.

मालकाचें गाऱ्हाणें खरें आहे. त्याबरोबर भाडेकरूचेंही खरें आहे. त्याच्या वडिलांनीं कधीं काळीं पागडी म्हणून मोठी रक्कम मोजलेली असते, आणि एकदां घर खालीं केलें कीं परत पाऊल टाकतां येणार नाहीं ही त्याची भीति अनुभवांतून आलेली असते. म्हणून धोका दिसत असूनही तो बाहेर पडत नाहीं. कांहीं मालकांस ही पडझड सोईची वाटते, कारण घर पडलें कीं भाडेकरूचा प्रश्न आपोआप सुटतो. कांहीं भाडेकरू मोक्याच्या रस्त्यावर दिवसाकाठीं हजारोंची उलाढाल करतात आणि मालकाला महिन्याकाठीं एका जेवणाचे पैसेही देत नाहींत. दोन्ही प्रकार आमच्या वाचकांच्या पाहण्यांत असतील. त्यांत वारसांची भर. मिळकतपत्रिकेवर पंधरा नांवें, त्यांतील निम्मीं पुण्या-मुंबईस, दोन परदेशीं. सर्वांच्या सह्या झाल्याखेरीज कोणी एक रुपया खर्चावयास तयार होत नाहीं. सह्या शेवटीं होतात, पण त्या बहुधा विक्रीच्या कागदावर होतात.

त्यांतच शहराच्या हद्दीचा प्रश्न आहे. १८५४ सालीं स्थापन झालेल्या नगरपालिकेची १९७२ सालीं महानगरपालिका झाली, तरी हद्द दशकानुदशकें जागच्या जागीं राहिली. माणसें वाढलीं, जागा वाढली नाहीं. २०११ च्या खानेसुमारींत शहराची लोकसंख्या साडेपांच लाखांच्या घरांत गेली होती. साहजिकच जुन्या पेठांतील प्रत्येक फूट जमिनीची किंमत तीवर उभ्या असलेल्या घराहून जास्त झाली. अशा वेळीं घर वांचावें अशी केवळ इच्छा धरून भागत नाहीं. तें वांचविणें परवडेल अशी व्यवस्था करावी लागते.

ही व्यवस्था कशी करावी ह्याचे धडे बाहेरच्या जगांत मिळतात. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिव्हरपूल बंदराचें नांव आमच्या कापूसवाल्या घराण्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्या शहरांत एकीकडे जहाजमालकांच्या हवेल्या होत्या, तर दुसरीकडे गोदीवरच्या मजुरांचीं कोंदट चौकांभोंवतीं दाटलेलीं घरें होतीं, जेथें अनेक कुटुंबांस मिळून एक नळ व एक शौचकूप असे. पटकी व विषमज्वर त्या चौकांतून उठत. तेव्हां १८६९ सालीं तेथील नगरसंस्थेनें स्वतःच्या खर्चानें मजुरांसाठीं सेंट मार्टिन्स कॉटेजेस ह्या नांवाचीं घरें बांधलीं. इंग्लंडांत नगरसंस्थेनें बांधलेलीं हीं पहिलीं घरें समजलीं जातात. नागरिकांचें घर हा नगरसंस्थेचा विषय आहे, हा त्या शहराचा पहिला धडा.

त्याच शहरानें पुढें उलटी चूकही केली. चालू शतकाच्या आरंभीं सरकारी योजनेखालीं तेथें रस्तेच्या रस्ते रिकामे करण्यांत आले. दुरुस्तीनें राहण्याजोगीं होणारीं घरें फळ्या ठोकून बंद केलीं, आणि बंद घर जसें कुजतें तशीं तीं कुजलीं. ग्रॅन्बी भागांतील चार रस्त्यांवरच्या उरल्यासुरल्या रहिवाशांनीं मात्र हार मानली नाहीं. त्यांनीं रस्ता झाडला, दारांपुढें झाडें लावलीं, ठोकलेल्या फळ्यांना रंग दिला, २०११ सालीं आपला सामुदायिक न्यास स्थापन केला आणि एकेक घर दुरुस्त करून घेतलें. त्या कामांत त्यांना साह्य करणाऱ्या तरुण वास्तुरचनाकारांच्या मंडळास २०१५ सालीं कलाक्षेत्रांतील टर्नर पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं शेजारच्या वेल्श स्ट्रीट्स ह्या वस्तींतील घरें पाडण्याची योजना ब्रिटिश मंत्र्यानें नामंजूर केली, आणि पुढें तीं दुरुस्त होऊन पुन्हां वसलीं. दुसरीकडे, २००४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत चढलेला तेथील बंदरभाग २०२१ सालीं त्या यादींतून काढला गेला, कारण पाण्याकांठीं उभ्या राहणाऱ्या नव्या बांधकामांनीं त्याचें रूप बिघडलें असें ठरलें. बिरुद मिळालें म्हणजे घर वांचलें असें नाहीं. आणि बिरुद नसलें तरी राहणाऱ्यांनीं ठरविल्यास तें वांचतें, हा दुसरा धडा.

घराजवळचीं उदाहरणेंही आहेत. मुंबईंत जुन्या भाड्याच्या इमारती कोसळूं लागल्या तेव्हां १९६९ सालीं त्यांच्या दुरुस्तीसाठीं स्वतंत्र कायदा झाला, इमारतींवर उपकर बसविण्यांत आला, आणि त्या पैशांतून व सरकारच्या भरीनें दुरुस्तीचें मंडळ चालूं लागलें. एकोणीस हजारांहून अधिक इमारती त्याच्या कक्षेंत आल्या. तो निधि अपुरा पडला व मुंबईंत इमारती अजूनही पडतात हें आम्ही जाणतों. पण दुरुस्ती ही मालक-भाडेकरूंची खाजगी भांडणाची बाब नसून सार्वजनिक सुरक्षिततेची बाब आहे, हें तत्त्व तेथें मान्य झालें. कोल्हापुरास असा उपकरही नाहीं आणि असें मंडळही नाहीं. अहमदाबादेचें जुनें शहर २०१७ सालीं जागतिक वारशांत गेलें, तें तर आपल्यासारख्याच लांकडी खांबांच्या, दाट वस्तीच्या घरांचें आहे.

ह्या सर्वांवरून आमच्या सूचना आम्ही थोडक्यांत मांडतों. पहिली सूचना यादीची. पालिकेनें पेठवार पाहणी करून प्रत्येक जुन्या घराची नोंद करावी. पाहणींत अभियंत्याबरोबर लांकूडकाम जाणणारा सुतार व चुन्याचें काम जाणणारा गवंडी असावा. थोड्या दुरुस्तीनें टिकणारीं, मोठ्या दुरुस्तीनें टिकणारीं व पाडण्यावांचून गत्यंतर नसलेलीं असे तीन वर्ग करून ही यादी मराठींत प्रसिद्ध करावी. सरसकट धोकादायक म्हणण्यानें पहिल्या वर्गांतील घरही तिसऱ्यांत जाऊन बसतें.

दुसरी सूचना नोटिशीची. काय बिघडलें आहे, काय केलें पाहिजे, अंदाजें किती खर्च येईल व किती दिवसांत तें व्हावें, हें नोटिशींत लिहिलेलें असावें. घर खालीं करावयास सांगतांना राहणाऱ्याच्या जागेचें मोजमाप व त्याच्या परतीच्या हक्काचा दाखला त्याच्या हातीं द्यावा. हा एक कागद मिळाला तर धोक्याच्या घरांत जीव मुठींत धरून बसलेलीं पुष्कळ कुटुंबें आपण होऊन बाहेर येतील.

तिसरी सूचना पैशाची. सहकाराच्या ह्या जिल्ह्यांत दुरुस्तीसाठीं माफक व्याजाचें कर्ज देणें सहकारी बँकांस अशक्य नाहीं. मालकाचा एक हिस्सा, भाडेकरूचा एक हिस्सा व पालिकेचा एक हिस्सा असा निधि उभारावा. दुकानदार भाडेकरूनें आपल्या उलाढालीच्या मानानें हिस्सा द्यावा. गरीब बिऱ्हाडकरूवर तोच दर बसवूं नये. ज्यानें घर नीट दुरुस्त केलें त्यास घरपट्टींत सूट मिळावी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणें वारसा म्हणून घोषित वास्तूच्या मालकास न वापरलेलें बांधकामक्षेत्र अन्यत्र वापरण्याचा हक्क मिळूं शकतो. तो हक्क केवळ राजवाडे व कचेऱ्या ह्यांपुरता न राहतां साध्या घरांच्या सबंध गल्लीस मिळेल अशा रीतीनें वारशाची यादी करावी.

चौथी सूचना नदीकांठची. पुराचें पाणी चढूं लागलें कीं सुतारवाड्यांतील कुटुंबांना सर्वांत आधीं घर सोडावें लागतें. जेथें दर कांहीं वर्षांनीं पाणी माजघरांत येतें तेथें दुरुस्तीचा उपदेश करणें ही क्रूर थट्टा होईल. अशा ठिकाणच्या रहिवाशांस शहराच्या आंतच, त्यांच्या कामधंद्याच्या जवळ, सुरक्षित घरें बांधून दिलीं पाहिजेत. लिव्हरपूलच्या नगरसंस्थेस जें १८६९ सालीं सुचलें तें आपणांस आज सुचावयास हरकत नसावी.

पांचवी व अगदीं निकडीची सूचना मंदिर परिसराची. मे २०२५ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें अंबाबाई मंदिराच्या विकासाचा सुमारें १,४४५ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. भाविकांची सोय झालीच पाहिजे. त्याविषयीं दुमत नाहीं. परंतु देवीचें देऊळ हें मोकळ्या मैदानांत एकटें उभें नव्हतें. त्याच्या भोंवतीं पुजारी, फुलारी, सोनार, भांडीवाले, खानावळवाले ह्यांच्या घरांचें शहर वाढलें आहे. कोणत्याही घराला हात लावण्यापूर्वीं त्याची नोंद, नकाशे व छायाचित्रें घ्यावीं, राहणाऱ्यांचें म्हणणें उघड सभेंत ऐकावें, आणि तीं प्रसिद्ध करावीं. जें टिकवितां येईल तें टिकवून मग उरलेल्याचा विचार व्हावा.

हें सर्व होण्यास वेळ लागेल हें आम्हांस कळतें. तोंवर आमच्या वाचकांस एक काम मात्र आजच करतां येईल. आपण मालक असाल तर माडीवर जाऊन तुळईचें टोंक भिंतींत शिरतें तेथें हात लावून पाहा. तें कोरडें आहे कीं ओलें? आपण भाडेकरू असाल तर मालकास वकिलाची नोटीस पाठविण्याआधीं एकदां त्याला घरीं बोलावून तें टोंक दाखवा. वारस परगांवीं असतील तर विक्रीची गोष्ट काढण्यापूर्वीं दुरुस्तीच्या खर्चाची वांटणी लिहून त्यांना कळवा. शेजाऱ्याचें कौल फुटलेलें दिसत असेल तर सांगण्यास संकोच करूं नका. त्याची भिंत बहुधा तुमचीही भिंत असते.

शाकारणी कोणीं करावयाची, ह्याचें आमचें उत्तर असें आहे. ज्याच्या नांवावर छप्पर आहे त्यानें, जो त्या छपराखालीं राहतो त्यानें, आणि ज्या शहराच्या ओळींत तें घर उभें आहे त्या शहरानें, अशी तिघांनीं मिळून करावयाची. कोणाचा हिस्सा किती हें ठरविण्यास हिंवाळा व उन्हाळा असे आठ महिने मोकळे असतात. मृगाचे ढग दिसूं लागल्यावर तो वाद घालूं नये. तेव्हां आधीं शिडी लावावी.